प्रश्नोत्तराचा तास

संसदीय शासनपद्धतीत विधिमंडळाच्या सदस्यांनी मंत्र्यांना त्यांच्या अखत्यारीतील कारभाराविषयी प्रश्न विचारावयाचे आणि मंत्र्यांनी सभागृहात त्यांची उत्तरे द्यावयाची, यासाठी राखून ठेवलेला कामकाजाचा काळ म्हणजे प्रश्नोत्तराचा तास होय. विधेयके, अंदाजपत्रक व ठराव यांवरील चर्चेत सरकार पक्षाचे बहुमत निर्णायक ठरते. प्रश्नाच्या बाबतीत मात्र बहुमताचा उपयोग नसतो. प्रश्नावर मतदान होत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते. सभागृहातील एकटा सदस्य, मग तो विरोधी पक्षाचा असो वा सत्ताधारी पक्षाचा, मंत्र्याला जाब विचारू शकतो, हे या प्रथेचे मर्म होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७५ (३) अन्वये मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते व अनुच्छेद १६४ (२) अन्वये राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. ही जबाबदारी दैनंदिन व्यवहारात ज्या साधनांनी अमलात येते, त्यांत प्रश्न हे सर्वांत जुने व सर्वांत सोपे साधन आहे.

ब्रिटनमधील उगम : या प्रथेचा उगम ब्रिटिश पार्लमेंटमध्ये झाला. नोंद झालेला पहिला प्रश्न ९ फेब्रुवारी १७२१ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये विचारला गेला. साउथ सी कंपनीचा व्यवहार कोसळून हजारो भागधारक नागवले गेले होते आणि कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट हा देश सोडून पळाला होता. त्याला ब्रुसेल्स येथे पकडल्याची वार्ता खरी आहे काय, असे अर्ल कूपर याने मंत्रिमंडळातील अर्ल ऑफ संडरलंड यास विचारले. सार्वजनिक पैशाचा अपहार आणि त्याबाबत सरकारकडे असलेली माहिती हा या पहिल्या प्रश्नाचा विषय होता. पुढील दोन शतकांत गाजलेल्या अनेक प्रश्नांचे मूळ अशाच विषयांत आढळते.

प्रश्न विचारणे हा सदस्याचा हक्क असल्याचे हाउस ऑफ कॉमन्सचे अध्यक्ष कॉर्नवॉल यांनी १७८३ मध्ये मान्य केले. मात्र उत्तर द्यावे की न द्यावे, हे मंत्र्याच्या मर्जीवर राहील, असेही त्याच वेळी स्पष्ट झाले. उत्तर नाकारण्याची ही मुभा आजही तत्त्वतः कायम आहे. १८३५ पासून प्रश्नांच्या सूचना सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेत छापल्या जाऊ लागल्या. १८८१ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांना सभागृहात उशिरा येता यावे, म्हणून त्यांना उद्देशून असलेले प्रश्न यादीच्या शेवटी ठेवण्याची सवलत देण्यात आली. १९०२ मध्ये बॅल्फर यांनी कामकाजपद्धतीत सुधारणा केल्या. तेव्हापासून ज्या प्रश्नाचे उत्तर तोंडी हवे असेल, त्यापुढे तारा काढण्याची व इतर प्रश्नांना लेखी उत्तर देण्याची पद्धत रूढ झाली. भारतीय विधिमंडळांतील ‘तारांकित’ व ‘अतारांकित’ या संज्ञांचे मूळ या छपाईच्या खुणेत आहे.

पंतप्रधानांचे प्रश्न यादीच्या शेवटी असल्याने वेळेअभावी ते पुष्कळदा राहून जात. म्हणून १९६१ मध्ये, हॅरॉल्ड मॅकमिलन पंतप्रधान असताना, मंगळवारी व गुरुवारी प्रत्येकी पंधरा मिनिटांचा स्वतंत्र काळ त्यांच्यासाठी ठरविण्यात आला. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी या दोन वेळा एकत्र करून बुधवारचा अर्ध्या तासाचा एकच काळ निश्चित केला. शासनप्रमुखाने ठराविक दिवशी, ठराविक वेळी, स्वतः उभे राहून उत्तरे देण्याची ही प्रथा ब्रिटिश राजकारणाचे एक वैशिष्ट्य बनली आहे. तीत माहितीपेक्षा वाक्‌चातुर्याला अधिक वाव मिळतो, अशी टीकाही तिच्यावर होते.

ब्रिटिश अमदानीतील भारत : १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने गव्हर्नर-जनरलच्या विधिमंडळाचे काम केवळ कायदे करण्यापुरते मर्यादित केले. कारभाराची चौकशी करणे हे त्याचे काम नव्हे, अशी राज्यकर्त्यांची भूमिका होती. १८८५ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना झाल्यावर विधिमंडळांचा विस्तार आणि प्रश्न विचारण्याचा हक्क या मागण्या सातत्याने पुढे आल्या. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने हा हक्क मर्यादित स्वरूपात दिला. पूरक प्रश्नास मात्र परवानगी नव्हती.

या हक्कान्वये मध्यवर्ती विधिमंडळातील पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अयोध्या प्रांतातील भिंगा संस्थानचे राजे उदय प्रताप सिंह यांनी विचारला. सरकारी अधिकारी दौऱ्यावर असताना त्यांच्या छावणीला रसद पुरविणाऱ्या खेडेगावच्या दुकानदारांना होणारा त्रास, हा त्याचा विषय होता. प्रश्नकर्ता जमीनदार वर्गातील होता आणि विधिमंडळ सरकारनियुक्त सदस्यांच्या वर्चस्वाखाली होते. असे असूनही पहिला प्रश्न साम्राज्याच्या धोरणाविषयी न निघता गावातील दुकानदाराच्या गाऱ्हाण्याविषयी निघाला, हे लक्षणीय आहे. अधिकाऱ्याच्या दौऱ्याचा भार गावावर पडणे ही त्या काळी सर्वत्र गृहीत धरलेली गोष्ट होती. तिच्याविषयी सरकारला विधिमंडळात बोलणे भाग पडले, ही त्या दिवसाची खरी नवलाई होय.

मुंबई प्रांतातही १८९२ च्या कायद्यानंतर विस्तारित विधिमंडळात फिरोजशाह मेहता, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांसारखे सदस्य आले. त्यांच्या हाती मते थोडी असल्याने अंदाजपत्रकावरील भाषणे व प्रश्न यांवरच त्यांची मुख्य भिस्त होती. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी पूरक प्रश्नास मान्यता दिली. परंतु तो मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्यालाच विचारता येई. १९१९ च्या कायद्यानुसार १९२१ मध्ये मध्यवर्ती विधानसभा अस्तित्वात आल्यावर बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी ठेवण्यात आला आणि कोणत्याही सदस्यास पूरक प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर कचेरीत तयार होते व मंत्री ते वाचून दाखवितो. पूरक प्रश्नाचे उत्तर त्याला आयत्या वेळी द्यावे लागते. त्यामुळे त्याला आपल्या खात्याची कितपत जाण आहे, हे पूरक प्रश्नातच कळून येते. १९३५ नंतरच्या काळात काँग्रेस पक्षाचे सदस्य एस. सत्यमूर्ती यांनी या साधनाचा विशेष कौशल्याने वापर केला.

प्रश्न स्वीकारावयाचा की नाही, हे कोणी ठरवावयाचे हाही कळीचा मुद्दा होता. विठ्ठलभाई पटेल हे १९२५ मध्ये मध्यवर्ती विधानसभेचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. विधानसभेची कचेरी सरकारी खात्याच्या हाताखाली असल्यास तिचा निःपक्षपातीपणा टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी स्वतंत्र सचिवालयाचा आग्रह धरला. त्यानुसार जानेवारी १९२९ मध्ये ते स्थापन झाले. ज्याला उत्तर द्यावयाचे आहे, त्याच्याच हाती प्रश्नाची निवड राहू नये, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले.

मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९२७ पासून सदस्य होते. त्यांनी विचारलेले प्रश्न व सरकारने दिलेली उत्तरे त्यांच्या विधिमंडळातील भाषणांसह महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात संगृहीत आहेत. ज्या समाजाला प्रशासनात शिरकाव नव्हता, त्याची बाजू सरकारी कागदपत्रांत नोंदविण्याचे साधन म्हणूनही प्रश्नाकडे पाहता येते.

स्वातंत्र्योत्तर काळ : १३ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेची पहिली बैठक भरली. गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. मुंबई विधानसभेचे व मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी पूर्वी भूषविले होते. ब्रिटिश अमदानीत सरकार परके असल्याने प्रश्न हे लढ्याचे हत्यार होते. आता सरकार आपलेच असल्याने त्याचे स्वरूप बदलणे प्राप्त होते, पण त्याची धार कमी होऊन चालणार नव्हते. ‘माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवू’, ‘विचार करू’ अशा मंत्र्यांच्या उत्तरांचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी मावळंकर यांच्या काळात डिसेंबर १९५३ मध्ये शासकीय आश्वासन समिती नेमण्यात आली. राज्यसभेत अशी समिती १९७२ मध्ये आली. आश्वासनाची पूर्तता सामान्यतः तीन महिन्यांत व्हावी, असा दंडक आहे.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू हे परराष्ट्र व्यवहार खात्याचेही मंत्री असल्याने त्या खात्याची उत्तरे त्यांना स्वतः द्यावी लागत. पक्षाला प्रचंड बहुमत असताना व स्वतःचे नेतृत्व निर्विवाद असतानाही ते संसदेत नियमाने उपस्थित राहात आणि लांबलेल्या पूरक प्रश्नांनाही उत्तरे देत. नव्या लोकशाहीत ही सवय रुजविण्याचे बरेचसे श्रेय त्यांना दिले जाते. तथापि याच काळात या प्रथेची एक मर्यादाही दिसून आली. अक्साई चीनमधून चीनने बांधलेल्या रस्त्याविषयी भारत सरकारने ऑक्टोबर १९५८ मध्ये चीनकडे निषेध नोंदविला होता. संसदेला मात्र त्याची माहिती ऑगस्ट १९५९ मध्ये देण्यात आली. २८ ऑगस्ट १९५९ रोजी नेहरूंनी लोकसभेत दिलेल्या माहितीने सभागृहात खळबळ उडाली आणि ७ सप्टेंबर रोजी दोन्ही देशांतील पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका संसदेसमोर ठेवण्यात आली. प्रश्न विचारणाऱ्याला विषयाचा सुगावा तरी असावा लागतो; जे सरकारखेरीज कोणालाच ठाऊक नाही, त्याविषयी प्रश्न निघत नाही, असे या प्रकरणावरून दिसून आले.

मुंध्रा प्रकरण : प्रश्नाच्या सामर्थ्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंध्रा प्रकरण. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंध्रा या सट्टेबाज उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. त्याचे उद्योग त्या वेळी आर्थिक अडचणीत होते. गुंतविलेला पैसा लक्षावधी विमेदारांच्या हप्त्यांतून आलेला होता.

४ सप्टेंबर १९५७ रोजी डॉ. रामसुभग सिंह यांनी लोकसभेत या गुंतवणुकीविषयी प्रश्न विचारला. उत्तराने समाधान झाले नाही. पुढील अधिवेशनात विषय पुन्हा निघाला आणि १६ डिसेंबर रोजी फिरोझ गांधी यांनी त्यावर सविस्तर चर्चा घडवून आणली. डॉ. सिंह व गांधी हे दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते, शिवाय गांधी हे पंतप्रधानांचे जावई होते. सरकारने जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमला. आयोगाची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली. ती ऐकण्यासाठी इतकी गर्दी लोटे, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काही आठवड्यांतच अहवाल सादर झाला. सचिवाने केलेल्या कृतीची संविधानात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा निष्कर्ष छागला यांनी काढला, तसेच मंत्र्यांनी लवकरात लवकर संसदेला विश्वासात घेऊन सर्व संबंधित माहिती तिच्यापुढे ठेवावी, असेही सुचविले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. एका प्रश्नापासून सुरू झालेली चौकशी साडेपाच महिन्यांत केंद्रीय अर्थमंत्र्याच्या राजीनाम्यापर्यंत पोहोचली.

हक्काचा गैरवापर : प्रश्न विचारण्याचा हक्क विकला जाऊ शकतो, हेही लवकरच उघडकीस आले होते. हंगामी संसदेतील मुंबईचे सदस्य ह. गो. मुद्गल यांनी मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिच्या हिताचे प्रश्न विचारल्याचा आरोप झाला. नेहरूंच्या प्रस्तावावरून जून १९५१ मध्ये चौकशी समिती नेमण्यात आली व तिने मुद्गल यांस दोषी ठरविले. सप्टेंबरमध्ये, हकालपट्टीचा प्रस्ताव सभागृहापुढे असताना, त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. या समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी होते, पुढे सात वर्षांच्या आत त्यांनाच प्रश्नामुळे पद सोडावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्यास तयार असलेल्या सदस्यांची गुप्त चित्रणे दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाली. त्यानंतर लोकसभेच्या दहा व राज्यसभेच्या एका सदस्याला २३ डिसेंबर रोजी काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये राजा राम पाल खटल्यात संसदेचा हा अधिकार बहुमताने मान्य केला.

प्रचलित कार्यपद्धती : लोकसभेच्या कामकाज नियमांनुसार, अध्यक्षांनी अन्यथा निदेश दिला नसेल, तर बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी असतो. राज्यसभेत २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून हा तास दुपारी बारा वाजता घेतला जातो. प्रश्नांचे प्रकार पुढीलप्रमाणे : तारांकित प्रश्नाचे उत्तर तोंडी मिळते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते व पूरक प्रश्नास वाव नसतो, अल्पसूचना प्रश्न सार्वजनिक महत्त्वाच्या तातडीच्या बाबीवर, नेहमीपेक्षा कमी मुदतीची सूचना देऊन, मंत्र्याच्या संमतीने विचारला जातो, खासगी सदस्यास उद्देशून असलेला प्रश्न त्याच्याकडील विधेयक, ठराव अथवा समितीचे काम यांसंबंधी असतो. लोकसभेत या प्रश्नांच्या याद्या अनुक्रमे हिरव्या, पांढऱ्या, फिकट गुलाबी व पिवळ्या कागदावर छापण्याचा प्रघात आहे.

लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि सर्वसाधारणपणे २३० अतारांकित प्रश्न असतात. एका सदस्याचा एका दिवशी एकच प्रश्न तारांकित यादीत येऊ शकतो. सूचनांचा अग्रक्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. मंत्रालयांचे गट पाडून आठवड्याचे दिवस वाटून दिलेले असल्यामुळे प्रत्येक मंत्र्याची पाळी ठराविक दिवशी येते. प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, उपरोध वा बदनामीकारक मजकूर नसावा. तो कल्पित बाबीवर मत विचारणारा नसावा आणि न्यायप्रविष्ट बाबीविषयी नसावा, अशा अटी आहेत. उत्तराने उलगडा न झाल्यास त्याच विषयावर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. महाराष्ट्र विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांतही तारांकित, अतारांकित व अल्पसूचना प्रश्नांची पद्धत आहे. ब्रिटनप्रमाणे पंतप्रधानांसाठी राखून ठेवलेला वेगळा काळ भारतात नाही. त्यांच्याकडील कार्मिक, अणुऊर्जा व अवकाश या खात्यांच्या प्रश्नांना सामान्यतः राज्यमंत्री उत्तरे देतात.

मूल्यमापन : या प्रथेची उपयुक्तता तीन गोष्टींवर अवलंबून असते : तास प्रत्यक्षात चालणे, उत्तर सरळ असणे आणि प्रश्नकर्त्याने विषयाचा अभ्यास केलेला असणे. पहिल्या बाबतीत अनुभव समाधानकारक नाही. गोंधळामुळे हा तास वाया जाण्याचे प्रसंग वारंवार येतात आणि तो चालला, तरी वीसपैकी थोडेच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत वीसही तारांकित प्रश्न घेण्यात आले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडल्याची नोंद झाली. आणीबाणीच्या परिस्थितीत हा तास रद्दही झाला आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी, १९७५ मध्ये अंतर्गत आणीबाणी पुकारल्यानंतरच्या अधिवेशनात आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात तो घेण्यात आला नाही; शेवटच्या प्रसंगी अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे चालू ठेवण्यात आली. या प्रसंगांची कारणे भिन्न आहेत. तथापि संकटाच्या काळात शासनाच्या हाती अधिक सत्ता एकवटते आणि नेमक्या त्याच वेळी तिला जाब विचारण्याचे साधन प्रथम बाजूला सारले जाते, हा त्यांतील समान धागा दुर्लक्षिता येत नाही.

डिसेंबर १९९४ पासून हा तास दूरचित्रवाणीवरून थेट दाखविला जाऊ लागला. त्यामुळे तो नागरिकांपर्यंत पोहोचला. पण सदस्यांचे लक्ष मंत्र्यापेक्षा प्रेक्षकांकडे वळण्याचा संभवही वाढला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या मूळ अधिनियमात, जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक होते. संसदसदस्याचा प्रश्न आणि सामान्य नागरिकाचा अर्ज यांना एका मापाने मोजण्याचा तो प्रयत्न होता. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षणविषयक अधिनियमाने त्या कलमाची शब्दरचना बदलून हे परंतुक वगळण्याची तरतूद केली.

प्रसंगी गाजणाऱ्या प्रकरणांपेक्षा या तासाचे दैनंदिन कार्य अधिक मोलाचे आहे. एखाद्या तालुक्यातील रखडलेले धरण, टपाल कचेरीतील रिकाम्या जागा, निवृत्तिवेतनाची थकबाकी यांविषयी प्रश्न लागला, की मंत्रालयापासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत धारिका हलू लागतात, उशिराची कारणे लेखी द्यावी लागतात आणि दिलेले उत्तर कायमचे नोंदले जाते. उत्तर अपुरे वा चुकीचे असल्यास तेच पुढील प्रश्नाचा आधार ठरते. उत्तर देणे टाळता येत असले, तरी ते टाळल्याची नोंद टाळता येत नाही. १८९३ मध्ये रसद पुरविणाऱ्या दुकानदारांविषयी निघालेल्या प्रश्नाने जे सूचित केले होते, ते आजही या प्रथेचे अधिष्ठान आहे : ज्याच्या नावावर कारभार चालतो, त्याला तो कसा चालतो हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि कारभार करणाऱ्याने सर्वांसमक्ष उभे राहून त्याचे उत्तर दिले पाहिजे.